मागचा एक्सल शाफ्ट हलत नाही तेव्हा

मागच्या चाकाचं बेअरिंग बदलताना जास्त वेळ बेअरिंगवर जात नाही, चाकाला फिरवणारा दांडा म्हणजे एक्सल शाफ्ट बाहेर काढण्यात जातो. ड्रम उतरला, मागचे चार नट सुटले, तरी शाफ्ट जागचा हलत नाही, आणि नव्या मेकॅनिकचा हात मोठ्या हातोड्याकडे जातो. तिथेच थांबायचं. न निघणारा शाफ्ट एक तर गंजाने धरलेला असतो, नाही तर अजून कशाने तरी बांधलेला असतो. गंजलेल्याला झटके द्यायचे, बांधलेल्याला सोडवायचं. यात गल्लत झाली की साध्या बेअरिंगच्या कामात अख्खं डिफरन्शियल (दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटणारा मधला गिअरचा गोळा) खोलावं लागतं.

आधी ओळख

सलग हाउसिंगच्या (शाफ्टभोवतीच्या नळीसारख्या कवचाच्या) मागच्या एक्सलमध्ये शाफ्ट अडकवायच्या तीन पद्धती जास्त दिसतात.

पहिल्या पद्धतीत बेअरिंग शाफ्टवरच प्रेसने बसवलेलं असतं. त्याच्या आतल्या बाजूला एक घट्ट कॉलर असते, काही गाड्यांत कॉलरऐवजी लॉक नट असतो. हाउसिंगच्या तोंडाशी बेअरिंग धरून ठेवणारी रिटेनर प्लेट चार नटांनी आवळलेली असते. शाफ्टच्या फ्लँजला, म्हणजे चाक बसतं त्या टोकाच्या चकतीला, एक मोठं भोक असतं. त्यातून सॉकेट घालून एकेक नट सोडायचा आणि दर वेळी शाफ्ट फिरवून पुढचा नट भोकासमोर आणायचा.

दुसरी पद्धत सी क्लिपची. इथे फ्लँजमागे शाफ्टला धरणारा एकही नट नसतो. शाफ्टच्या आतल्या टोकाला, डिफरन्शियलच्या आत, इंग्रजी सी अक्षराच्या आकाराची क्लिप बसलेली असते आणि तीच शाफ्टला बाहेर येऊ देत नाही. बेअरिंग हाउसिंगमध्ये बसतं आणि त्याचे रोलर थेट शाफ्टवर फिरतात.

तिसरी पद्धत फुल फ्लोटिंग. गाडीचं वजन हबवर असतं, शाफ्ट फक्त चाक फिरवतो. चाकाच्या मधोमध फ्लँजचे बोल्ट दिसतात, ते काढले की चाक न उतरवताही शाफ्ट बाहेर येतो.

खूण अशी: फ्लँजमागे चार नट दिसले तर पहिली पद्धत. डिफरन्शियलला मागून उघडणारं कव्हर नसेल आणि गोळा पुढून निघत असेल, तर सी क्लिप सहसा नसते. फोर्डचा ९ इंची एक्सल हे याचं ठळक उदाहरण. मागून कव्हर असेल तर दोन्ही शक्यता धरा. हातालाही फरक कळतो. सी क्लिपचा शाफ्ट किंचित बाहेर येतो आणि ‘टक’ करून लोखंडावर अडतो. गंजलेला शाफ्ट अजिबात हलत नाही, भिंतीला धरून ओढल्यासारखं वाटतं. ‘टक’ आवाज येत असेल तर स्लाइड हॅमर (दांड्यावर सरकणारं वजन आदळून झटक्याने ओढणारं हत्यार) खाली ठेवा.

तयारी

मागच्या ब्रेकचं काम असल्यामुळे हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट (पाचर) लावायची. गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवायची, जॅकवर नाही. स्लाइड हॅमरचा झटका आडवा बसतो आणि जॅकवरची गाडी अशा झटक्याने सरकते. घोड्या बसल्या की गाडीला हाताने जोरात हलवून पाहा आणि मगच खाली वाका.

ड्रममधली धूळ हवेने उडवू नका. ब्रेकच्या जुन्या लायनरमध्ये (ड्रमवर घासणाऱ्या अस्तरात) अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसून काढा. ब्रेक शू काढून बाजूला ठेवा, नाही तर गंज सोडवणारं तेल त्यांवर पडून ते वाया जातील. बॅकप्लेट (ड्रममागची, ब्रेकचे भाग धरणारी पत्र्याची प्लेट) शाफ्टबरोबर बाहेर येणार असेल तर ब्रेकचा पाइप आणि हँडब्रेकची केबल आधी सोडा. एबीएस सेन्सर असेल तर तोही. झटका बसताना ओढला गेलेला ब्रेक पाइप वरून चांगला दिसतो, पण त्याच्या मुळाशी चीर गेलेली असू शकते.

गंज सोडवणं

बेअरिंगची बाहेरची रिंग हाउसिंगच्या तोंडात जेमतेम सरकेल इतक्या मापाची असते. त्या बारीक फटीत पाणी आणि ब्रेकची धूळ शिरली की गंज फुगतो आणि रिंग जणू चिकटवल्यासारखी बसते. तेल पोहोचायला हवं ते नेमकं या फटीत. नुसतं फ्लँजवर फवारून काही होत नाही. रिटेनर प्लेट थोडी मागे सरकवून फटीत तेल सोडा, हाउसिंगच्या तोंडाभोवती मध्यम हातोडीने टकटक करा, आणि शक्य असेल तर रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी पुन्हा एकदा तेल सोडा. पुढचा निम्मा त्रास या थांबण्यानेच वाचतो.

नंतर स्लाइड हॅमर. पत्रा ओढायचा एखाद किलोचा हॅमर इथे खेळण्यासारखा ठरतो. सरकणारं वजन निदान अडीच किलोचं हवं, चार-पाच किलोचं असेल तर उत्तम. त्याची प्लेट किमान तीन व्हील स्टडना नट पूर्ण आवळून धरा. झटका शाफ्टच्या रेषेत सरळ द्यायचा. तिरका झटका रिंगला हाउसिंगमध्ये आणखी रुतवतो.

सुरू करण्याआधी फ्लँज आणि बॅकप्लेटमधलं अंतर व्हर्नियरने दोन समोरासमोरच्या जागी मोजून खडूने लिहून ठेवा. दहा झटक्यांनंतर पुन्हा मोजा. अर्धा मिलिमीटर जरी वाढलं असेल तर काम चालू आहे. शाफ्ट पाव फेरा फिरवून पुढे चालू ठेवा. वीस-पंचवीस झटक्यांनंतरही माप तिथेच असेल तर जोर वाढवू नका. एखादा नट राहिला आहे का, रिटेनर प्लेटमागे आणखी काही आहे का, सी क्लिप आहे का, हे पुन्हा पाहा.

स्लाइड हॅमर नसेल तर जुना ड्रम उलटा करून स्टडवर चढवतात. नट स्टडच्या टोकाला चार-पाच आट्यांवर ठेवायचे म्हणजे ड्रमला थोडी मोकळीक राहते. मग ड्रम दोन्ही हातांनी धरून आतून बाहेर जोरात ओढायचा, तो नटांवर आदळतो. युक्ती कामाची आहे, पण ड्रम बिडाचा असतो आणि तडकू शकतो. म्हणून टाकाऊ ड्रम वापरा आणि नटही जुने घ्या, कारण आटे चेपतात.

हाउसिंगची कड आणि फ्लँज यांच्यामध्ये दोन लांब बोल्ट समोरासमोर घालून आलटून पालटून पाव-पाव फेरा उलगडत नेणं हाही मार्ग आहे. एकाच बाजूने ढकललंत तर फ्लँज वाकते. फ्लँजच्या मागून घणाने ठोकणं आणि छिन्नीची पाचर मारणं मात्र पूर्ण वर्ज्य. वाकलेली फ्लँज डोळ्यांना दिसत नाही, चाक डोलायला लागलं आणि ब्रेकचा पेडल पायाखाली थरथरला की कळते.

उष्णता द्यायचीच असेल तर हाउसिंगच्या तोंडाला बाहेरून द्या, शाफ्टला नाही. शाफ्ट कडक केलेला असतो आणि तापला की त्याची ताकद जाते. आधी गिअर ऑइल काढा, पेट्रोल टाकी किती जवळ आहे ते पाहा आणि आग विझवायचं साधन हाताशी ठेवा. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी ज्योत लावू नका. क्लोरीन असलेला क्लीनर तापला की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

सी क्लिप आणि फुल फ्लोटिंग

सी क्लिपवाल्या एक्सलमध्ये कव्हर उघडून तेल काढायचं, डिफरन्शियलमधले छोटे गिअर धरणाऱ्या आडव्या पिनचा लॉक बोल्ट सोडायचा, पिन बाहेर काढायची, शाफ्ट आत ढकलायचा आणि क्लिप चुंबकाने उचलायची. हा लॉक बोल्ट बारीक असतो आणि पुष्कळदा मोडतो, त्यामुळे सहा कोनी सॉकेट वापरा आणि घाई करू नका. पिन बाहेर असताना एक्सल फिरवला की छोटे गिअर जागा सोडून खाली येतात. शाफ्ट निघाल्यावर बेअरिंग हाउसिंगमध्येच राहतं, ते आकडा लावलेल्या स्लाइड हॅमरने ओढा. मग शाफ्टवर रोलर फिरायची जागा नखाने तपासा. नख खाचेत अडलं तर त्या शाफ्टवर नवं बेअरिंग फार टिकणार नाही. शाफ्ट बदला, किंवा मिळत असेल तर रोलर थोडे पुढच्या कोऱ्या जागी फिरवणारं दुरुस्ती बेअरिंग घाला.

फुल फ्लोटिंगमध्ये बोल्ट काढूनही फ्लँज सुटत नसेल तर तिच्यावर आट्यांची दोन भोकं शोधा. चिखलाने बुजलेली असतात म्हणून दिसत नाहीत. त्यांत बोल्ट आवळले की फ्लँज आपोआप बाहेर येते. स्टडवर चिरलेल्या शंकूसारख्या रिंगा असतील तर नट टोकाशी बरोबरीने ठेवून फ्लँजवर ठोका, रिंगा उडी मारून सुटतात. चष्मा घाला.

बेअरिंग फुटलं आणि रिंग आतच राहिली

बॉल बेअरिंग झटक्यांनी फुटून शाफ्ट आणि आतली रिंग बाहेर येते, बाहेरची रिंग मात्र हाउसिंगमध्येच राहते. आकड्याच्या पुलरने आली तर ठीक. नाही आली तर रिंगच्या आतल्या पाटावर (बॉल फिरायच्या जागी) गोल वेल्डिंगची एक रेघ ओढा. थंड होताना रिंग आकसते आणि बहुतेक वेळा हातानेच निघते. त्याआधी बॅटरीचं कनेक्शन काढा, अर्थची क्लिप त्याच हाउसिंगच्या तोंडाला लावा म्हणजे करंट डिफरन्शियलच्या बेअरिंगमधून जाणार नाही, आणि आत ओलं फडकं कोंबा.

शाफ्टवरचं जुनं बेअरिंग

कॉलरला ६ मि.मी. ड्रिलने जाडीच्या तीन-चतुर्थांशापर्यंतच भोक पाडा आणि त्यावर धारदार छिन्नीचा एक सणसणीत घाव घाला. कॉलर फाकते. ड्रिल किंवा ग्राइंडर शाफ्टला लागला तर तो ओरखडा पुढे तडा होतो आणि तिथूनच शाफ्ट मोडू शकतो. बेअरिंग प्रेसवर काढताना त्याभोवती जाड आडोसा ठेवा. दाबाखाली फुटलेल्या रिंगचे तुकडे गोळीसारखे उडतात.

बसवताना क्रम चुकवू नका: आधी रिटेनर प्लेट, मग बेअरिंग, शेवटी नवी कॉलर. प्लेट विसरून बेअरिंग दाबलं की नवं बेअरिंग काढताना खराब होतं, आणि ही चूक नव्यांमध्ये सगळ्यात जास्त होते. दाब फक्त आतल्या रिंगवर द्या. बेअरिंग आणि कॉलर वेगवेगळे दाबा, एकत्र नाही. कॉलर कोरडी असताना प्रेसला चांगला जोर लागायला हवा. ती सहज सरकली तर शाफ्ट झिजला आहे, आणि चाक गाडीला धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे तीच कॉलर.

हाउसिंगचं तोंड एमरी कागदाने घासून त्यावर ग्रीसचा पातळ हात फिरवा. पुढच्या वेळी हे काम करणारा मनातल्या मनात आभार मानेल. तेल अडवणाऱ्या नव्या सीलच्या ओठाला ग्रीस लावा आणि शाफ्ट आत नेताना वर उचलून धरा. स्प्लाइन (शाफ्टच्या आतल्या टोकाचे दाते) सीलवरून घासली तर ओठ कापला जातो. नट गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा, ब्रेक पाइप सोडला असेल तर हवा काढा, आणि गिअर ऑइल काढलं असेल तर ते भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरा.

दहा-पंधरा किलोमीटर चालवून आल्यावर दोन्ही ड्रमजवळ हात नेऊन पाहा. एक बाजू दुसरीपेक्षा बरीच गरम असेल तर ब्रेक घासतोय की बेअरिंग तापतंय ते तपासा. मग बॅकप्लेटच्या खालच्या कडेवरून बोट फिरवा. बोटाला गंधकासारख्या वासाचं जाड तेल लागलं तर ते गिअर ऑइल आहे, सील कापलं गेलंय, आणि शाफ्ट पुन्हा काढायचा आहे. या वेळी तो सहज येईल.