ऑन्टारिओत पहिल्यांदा मूसच्या शिकारीला निघताना

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातल्या सडबरी शहराच्या उत्तरेच्या जंगलात मी बारा वर्षं मूसच्या, म्हणजे हरणाच्या कुळातल्या सगळ्यात मोठ्या जनावराच्या, मागे जातोय. इथे नव्याने आलेलं कुणी ना कुणी मराठी माणूस दरवर्षी विचारतं, "आम्हालाही येता येईल का?" येईल. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार म्हणजे गुन्हा, त्यामुळे मनात धाकधूक असणारच. इथे परवानगी आहे, पण नियम काटेकोर आहेत.

कागदांच्या मागे आदल्या वर्षीच लागा. प्रांतात किमान सहा महिने राहिल्याशिवाय रहिवासी म्हणून अर्ज करता येत नाही. बंदुकीच्या सुरक्षेचा कोर्स, मग बंदुकीचा परवाना. पहिल्या परवान्याला किमान 28 दिवस थांबावंच लागतं. शिवाय शिकारीचा कोर्स आणि आउटडोअर्स कार्ड, म्हणजे शिकाऱ्याचं सरकारी ओळखपत्र. टॅग म्हणजे एक मूस मारायची परवानगी देणारी चिठ्ठी; तिचा अर्ज एप्रिलमध्ये. 2021 पासून टॅग गुणांवर वाटतात. नाही मिळाला तर पुढच्या वर्षासाठी एक गुण जमा होतो. नराच्या टॅगला बरीच वर्षं लागू शकतात, म्हणून सुरुवातीला फक्त मूसच्या शिकारीचं लायसन्स काढून टॅग असलेल्या जुन्या गटात सामील व्हा. टॅगवाल्यापासून 5 किलोमीटरच्या आत राहायचं आणि एकमेकांच्या संपर्कात राहायचं.

क्राउन लँड म्हणजे सरकारी जंगल. रहिवाशाला एका जागी 21 दिवस फुकट तंबू टाकता येतो. पण हे जंगल रिकामं नाही. इथल्या मूळ रहिवाशांनी, म्हणजे अनिशिनाबे लोकांनी, सरकारशी केलेल्या 1850 च्या रॉबिन्सन-ह्युरॉन करारात त्यांचे शिकारीचे हक्क लिहिलेले आहेत, 'मूस' हा शब्दही त्यांच्याच भाषाकुळातला. त्यांचा तळ दिसला तर जाऊन बोला, आपण दुसरीकडे सरका.

आता खरी गोष्ट. बेत आखायचा तो गोळीचा नाही, मांस बाहेर काढण्याचा. मोठा नर पाचशे किलोपर्यंत भरतो. माझ्या दुसऱ्या वर्षी आमचा नर दलदलीपलीकडे पडला, रस्त्यापासून दोन किलोमीटरवर. एक मागचा पाय पाठीवरच्या फ्रेमला बांधला, तर पट्टे खांद्यात रुतले आणि बूट गुडघ्यापर्यंत शेवाळात गेले. चौघांना दोन दिवस लागले. त्यात ऊन पडलं होतं. कातडं काढायला उशीर केल्यामुळे मांड्यांच्या हाडाजवळचं मांस आंबलं. खाण्याजोगं मांस वाया घालवणं इथे गुन्हा आहे, आणि त्या दिवशी मला कायद्यापेक्षा त्या जनावराचं वाईट वाटलं. तेव्हापासून चार माणसं, सुती पिशव्या, दोर आणि कप्पी असल्याशिवाय मी निघत नाही, आणि ट्रकपासून किलोमीटरभराच्या पुढे नेम धरत नाही. कातडं लगेच काढा, तुकडे सावलीत वाऱ्यावर टांगा.

बंदुकीच्या हंगामात अंगात नारिंगी जॅकेट आणि डोक्यावर नारिंगी टोपी हवीच. शिकार झाली की जागच्या जागी टॅगवर तारीख आणि वेळेच्या खाचा कापायच्या. मिळो न मिळो, हंगामानंतर अहवाल भरायचा.

मांसात चरबी कमी असते, म्हणून रश्शाला मटणापेक्षा सढळ तेल घाला. कलेजी आणि गुर्दे मात्र जंगलातच सोडा. मूसच्या या अवयवांत कॅडमियम हा विषारी धातू साचतो. ते खाऊ नका असं इथलं सरकारच सांगतं.