पिंग कमी, तरीही खेळ अडखळतो: जिटर कसा शोधावा

पडद्यावर पिंग, म्हणजे सर्व्हरकडून उत्तर परत येण्यास लागणारा वेळ, 41 मिलिसेकंद दिसत असूनही प्रतिस्पर्धी मध्येच गायब होऊन भलतीकडे उगवत असेल, तर दोष सरासरी विलंबात नसून त्याच्या चढउतारात, म्हणजेच जिटरमध्ये, असण्याचा संभव अधिक. समजा, एका जोडणीवर लागोपाठ पाच उत्तरे 40, 42, 41, 43, 41 आणि दुसरीवर 20, 65, 24, 71, 27 मिलिसेकंदांत आली. दोन्हींची सरासरी नेमकी 41.4 आहे, पण शेजारच्या उत्तरांमधील फरकांची सरासरी पहिलीवर 1.75, तर दुसरीवर 44.25 भरते. स्थिर विलंब खेळाला हिशेबात धरता येतो, सतत बदलणाऱ्या विलंबाचा अंदाज मात्र चुकत राहतो. व्हॅलोरंट या ऑनलाइन खेळाचा सर्व्हर सेकंदाला 128 वेळा, म्हणजे सुमारे 7.8 मिलिसेकंदांनी एकदा, खेळाची स्थिती पुढे नेतो. त्यापुढे 44 चा हेलकावा फारच मोठा आहे.

अंतराला बोल लावणे सोपे असते, पण फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जात असल्यामुळे 1000 किलोमीटर जाऊन येण्यास 10 मिलिसेकंद लागतात, आणि दर वेळी तेवढेच लागतात. चढउतार येतो तो वाटेतल्या रांगांमुळे आणि वायफायच्या गर्दीमुळे.

म्हणून आधी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधून स्वतःच्या राउटरलाच पिंग करावे. ही आज्ञा आपणहून चारच वेळा विचारते. तिला निदान शंभर वेळा विचारायला लावावे. आकडे इथेच उसळत असतील, तर सेवा पुरवणाऱ्या कंपनीशी भांडण्यात अर्थ नाही; लॅन केबल लावावी, आणि ते शक्य नसल्यास 2.4 गिगाहर्ट्झ सोडून 5 गिगाहर्ट्झवर यावे, कारण शेजाऱ्यांचे वायफाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह या सर्वांची गर्दी पहिल्या पट्ट्यात जास्त असते.

राउटरपर्यंत सारे स्थिर असेल, तर बाहेरच्या सर्व्हरला पिंग करावे आणि घरातील एखाद्या फोनवरून मोठा व्हिडिओ अपलोड होत असताना तीच चाचणी पुन्हा घ्यावी. तेव्हाच आकडे वाढत असतील, तर डेटाची पाकिटे अपलोडच्या रांगेत अडकत आहेत. राउटरमध्ये एसक्यूएमची, म्हणजे पाकिटांच्या रांगेला आवर घालणारी, सोय असल्यास मोजलेल्या वेगाच्या 90 टक्क्यांच्या आसपास मर्यादा घालावी: थोडा वेग जातो, पण रांग आपल्या ताब्यात येते. केवळ महागडा प्लॅन घेणे हा माझ्या मते शेवटचा उपाय आहे.

घरात दुसरे काहीही चालू नसताना फक्त संध्याकाळीच आकडे बिघडत असतील, तर वेळेसह नोंदी ठेवून तक्रार करावी. मात्र ट्रेसराउटमध्ये, म्हणजे सर्व्हरपर्यंतच्या वाटेवरील प्रत्येक टप्पा दाखवणाऱ्या चाचणीत, मधलाच एखादा टप्पा संथ आणि पुढचे टप्पे सुरळीत दिसत असतील, तर त्या टप्प्याला दोषी धरू नये. अनेक राउटर अशा चौकशीला मुद्दाम सवडीने उत्तर देतात.