ऑइल काळं दिसतंय म्हणून बदलायचं नसतं

आमच्या घरात दोन गाड्या. छोटी पेट्रोल मी रोज जवळपासच्या कामांना पळवते. दुसरी धाकट्या भावाची डिझेल, निघाली की लांबच जाते. कुठल्या गाडीत कधी काय ओतलं याची वही माझ्याकडे असते, त्यामुळे ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, माझी दहा हजार झाली, आता काय काय बदलून घेऊ?" मी उलट विचारते, गाडी कशी चालते ते आधी सांग. कारण इंजिन ऑइल कामाने खराब होतं, ब्रेक ऑइल गाडी नुसती उभी असली तरी खराब होतं, आणि कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, दिसायला झकास असतानाही आतून संपलेलं असू शकतं. कोण कशाने बिघडतं हे डोक्यात बसलं की कधी बदलायचं ते बरंचसं आपलं आपल्यालाच ठरवता येतं.

आधी गाडीचं मॅन्युअल शोधा. त्यात कुठे कुठलं ऑइल, किती लिटर, आणि किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी बदलायचं याचा तक्ता असतो. दोन्हींपैकी जे आधी होईल ते धरायचं. बहुतेक वेळा त्याच्याजवळच बारीक अक्षरात 'कठीण परिस्थितीतला वापर' असा मजकूर असतो आणि तो वाचायचा लोक सोडून देतात. कठीण म्हणजे वाळवंट किंवा रॅली असा समज असतो. प्रत्यक्षात त्यात धूळ, रखडत चालणारी वाहतूक, मागे ओझं ओढणं आणि छोट्या छोट्या फेऱ्या येतात. म्हणजे माझीच गाडी.

छोट्या फेऱ्यांनी काय होतं? गार इंजिनात पेट्रोल जरा जास्तच जातं. त्यातलं थोडं न जळता सिलिंडरच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतं. जळताना होणारी वाफही आत गार होऊन पाणी बनते. ऑइल चांगलं तापलं तर दोन्ही उडून जातात. पण पाच-सात मिनिटांत गाडी बंद केली तर ती तिथेच मुरतात, ऑइल पातळ होतं, आम्लं तयार होतात आणि पुढे त्याचा गाळ होतो. म्हणून भावाच्या गाडीचे एका दमात झालेले दहा हजार आणि माझे तुकड्यातुकड्यांनी झालेले दहा हजार सारखे नाहीत. माझ्या मॅन्युअलमध्ये १०,००० किमी किंवा एक वर्ष लिहिलंय, कठीण वापराला त्याच्या निम्मं. मी निम्म्याने बदलते, भाऊ पूर्ण मुदतीने. आणि वर्षभरात गाडी फारशी चाललीच नाही, तरी वर्षाला ऑइल बदलायचंच.

रंगाचं मात्र सोडून द्या. डिझेलमध्ये नवं ऑइल काहीशे किलोमीटरमध्ये काळंकुट्ट होतं, कारण काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. डिपस्टिकवर, म्हणजे ऑइलची लेव्हल मोजायच्या काडीवर, बघायचं ते वेगळंच. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, काडी पुसून पूर्ण आत घाला आणि पुन्हा काढा. दोन्ही बाजू बघा, कमी दिसेल ती लेव्हल खरी. खालच्या आणि वरच्या खुणेत बऱ्याच गाड्यांमध्ये साधारण एक लिटरचं अंतर असतं, त्यामुळे लेव्हल मधोमध असताना 'थोडं टाकून ठेवू' म्हणून अख्खा डबा रिकामा करू नये. ऑइल दुधाळ दिसलं तर कूलंट मिसळत असण्याची शक्यता आहे. पण फक्त टोपणाच्या आत पिवळट साय आणि काडीवर ऑइल स्वच्छ असेल, तर बहुधा ती छोट्या फेऱ्यांची ओल. पेट्रोलचा उग्र वास आला तर मुदतीची वाट बघू नका. आणि डिझेलवाल्यांनो, न टाकता लेव्हल वाढत असेल तर खूश होऊ नका. धुराच्या नळीतला काजळीचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, तेव्हा जादा सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. वरच्या खुणेच्या पुढे गेलं की ऑइल बदलायचं.

कुठलं ऑइल? मॅन्युअल सांगेल तेच. डब्यावर लिहिलेल्या ५डब्ल्यू-३० मधला पहिला आकडा गारठ्यातला पातळपणा सांगतो, दुसरा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहतं ते. 'जुनी गाडी आहे, दाट टाका' हा सल्ला सरसकट ऐकू नका. ०डब्ल्यू-२० साठी बनवलेल्या इंजिनातल्या फटी आणि ऑइल पंप त्या पातळ ऑइलच्या हिशेबाने असतात. काजळीचा फिल्टर असलेल्या डिझेलला कमी राखेचं ऑइल लागतं, त्याचा कोड मॅन्युअलमध्ये असतो. तो डब्यावर शोधायचा, पुढच्या बाजूच्या चकचकीत शब्दांना भुलायचं नाही.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन काही मिनिटं चालवून ऑइल कोमट करा. कढत नको, हात भाजतो. गाडी वर घेतली तर स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नका. वरचं टोपण आधी उघडा म्हणजे ऑइल गटागटा न येता धारेने येतं. खाली चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा, नट पान्याने सैल करून पुढे हाताने फिरवायचा. शेवटचे आटे राहिले की नट आत दाबून धरत फिरवा आणि सुटला की झटकन बाजूला घ्या, नाहीतर धार बाहीतून कोपरापर्यंत येते.

मग फिल्टर. जुना काढल्यावर त्याची रबरी रिंग त्याच्यासोबतच आली का, हे बघितल्याशिवाय नवा लावू नका. ती इंजिनालाच चिकटून राहिली आणि तिच्यावर दुसरी बसली, तर सुरुवातीला सगळं ठीक वाटतं आणि मग दाबाखाली ऑइल भसाभसा बाहेर येतं. मी तिथे बोट फिरवूनच खात्री करते, नुसतं बघून काळ्यावर काळं दिसत नाही. नव्या रिंगला ऑइलचं बोट लावा, हाताने बसवा, रिंग टेकली की साधारण पाऊण फेरा. फिल्टर आवळायला पाना लागत नाही. चेंबरच्या नटाला नवा वॉशर घाला आणि जोर दाखवू नका. चेंबर ॲल्युमिनियमचं असेल तर आटे जातात. मॅन्युअलमधल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी भरा, इंजिन सुरू करा, ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझायला हवा. बंद करा, खाली वाकून गळती बघा, थोडं थांबून काडीवर लेव्हल बघत उरलेलं घाला. डॅशबोर्डवरची सर्व्हिसची आठवण रीसेट करायला विसरू नका, गाडीला आपण ऑइल बदललेलं कळत नसतं.

ब्रेक ऑइलकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ३, डॉट ४ हे त्याचे बाटलीवर लिहिलेले दर्जे. डॉट ४ नवं असताना निदान २३० अंशांना उकळतं. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ मध्ये हेच आकडे २०५ आणि १४०. सपाट रस्त्यावर फरक जाणवतच नाही. लांब उतारावर सतत ब्रेक दाबत आलात की कॅलिपर (चाकाशी पॅड दाबून धरणारा भाग) तापतात, आतलं ऑइल उकळतं, वाफ होते, आणि वाफ दबते. पाय खालपर्यंत जातो आणि गाडी थांबत नाही. म्हणून इथे किलोमीटर विचारायचेच नाहीत, कॅलेंडर बघायचं: बहुतेक गाड्यांना दोन वर्षं, मॅन्युअलमध्ये वेगळं असेल तर तसं. इलेक्ट्रिक गाडीवाले म्हणतात, आमचे ब्रेक वापरलेच जात नाहीत. ओल शोषायला ब्रेक वापरावे लागत नाहीत.

ब्रेक ऑइलच्या डब्याची लेव्हल हळूहळू उतरत असेल तर आधी ब्रेकचे पॅड बघा. पॅड झिजले की त्यांना ढकलणारे कॅलिपरमधले पिस्टन बाहेर सरकतात आणि ऑइल तिकडे जातं. अशा वेळी वरून भरत राहिलात, तर नवे पॅड घालताना तेच ऑइल उलटं येऊन डब्याबाहेर सांडतं, आणि त्याने रंग सोलवटतो. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. लेव्हल एकदम उतरली असेल तर मात्र कुठेतरी गळती आहे, गाडी हलवू नका. आणि डॉट ५ हे डॉट ४ च्या पुढचं म्हणून चांगलं असं समजू नका. ते सिलिकॉनचं असतं, मिसळायचं नसतं. डॉट ५.१ ही वेगळी जात, ती डॉट ४ च्या कुळातली.

ब्रेक ऑइल बदलायचं काम दोघांचं आहे. आमच्याकडे भाऊ पेडलवर, मी चाकाशी. आधी डब्यातलं जुनं ऑइल सिरिंजने ओढून काढते आणि सीलबंद बाटलीतलं नवं भरते. उघडून ठेवलेली जुनी बाटली वापरायची नाही, तीही ओल पीत बसलेली असते. बऱ्याच गाड्यांत सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, पण क्रम मॅन्युअलमधून घ्या. चाकाजवळच्या निपलला, म्हणजे ऑइल काढायच्या छोट्या तोटीला, पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक बाटलीत सोडायचं. तो म्हणतो "दाबलं", मी निपल पाव फेरा सैल करते, तपकिरी ऑइल नळीतून सरकतं, मी बंद करते आणि मगच "सोड" म्हणते. हा क्रम चुकला की हवा आत. नळीत स्वच्छ ऑइल आलं आणि बुडबुडे थांबले की पुढचं चाक. मधे मधे डबा भरत राहायचा, तो रिकामा झाला तर सगळं पहिल्यापासून, आणि हवा एबीएसच्या (चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये गेली तर स्कॅनरवाला गाठावा लागतो. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. नेहमी पाय जात नाही इतक्या खोल पेडल गेलं की मास्टर सिलिंडरची (पेडलने ऑइल ढकलणाऱ्या पंपाची) रबरं गंजक्या भागावर घासून फाटू शकतात. शेवटी पेडल कडक लागेपर्यंत दाबून बघा, मगच गाडी हलवा. आयुष्यात पहिल्यांदा करत असाल तर हे केलेलं माणूस शेजारी असू द्या.

कूलंटमध्ये ग्लायकॉल, म्हणजे गोठणं-उकळणं रोखणारा मुख्य घटक, वर्षानुवर्षं टिकतं, संपतात ती गंज रोखणारी रसायनं. हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजायचं साधन, ग्लायकॉलचं प्रमाण सांगतो, या रसायनांचं नाही. पारंपरिक प्रकार साधारण दोन वर्षं चालतो, लॉंग-लाइफ बरेचदा पाच. रंगावरून प्रकार ओळखू नका, रंगाचा असा काही सर्वमान्य नियम नाही, आणि न जुळणारे दोन प्रकार मिसळले तर लगदा होऊ शकतो. इंजिन गरम असताना टोपण उघडू नका. आत दाबाखाली पाणी शंभराच्या वर असतं आणि उघडताच उसळतं. जुनं काढून डिस्टिल्ड वॉटरने धुतलं तरी त्यातलं काही पाणी इंजिनात राहतंच. तेव्हा एकूण माप सहा लिटर असेल तर आधी तीन लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) ओता, मग मावेल तेवढं डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे निम्मं-निम्मं बरोबर जमतं. हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवा, मॅन्युअलप्रमाणे हवा काढा, गार झाल्यावर लेव्हल पुन्हा बघा.

मॅन्युअल गिअरबॉक्सचं ऑइल बदलताना एकच गोष्ट घोकून ठेवा: आधी ऑइल भरायचा नट उघडून बघायचा, मगच ऑइल काढायचा नट उघडायचा. भरायचा नट गंजून बसलेला निघाला आणि ऑइल आधीच खाली गेलं असेल तर गाडी जागची हलवता येत नाही. सपाट उभ्या गाडीत भरायच्या भोकातून ऑइल ठिबकू लागलं की लेव्हल पूर्ण. मॅन्युअलमध्ये जीएल-४ (गिअर ऑइलचा दर्जा) सांगितलं असेल तिथे जीएल-५ 'वरच्या दर्जाचं' म्हणून टाकू नका, त्यातल्या गंधकयुक्त रसायनांनी गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगा खराब होऊ शकतात. ऑटोमॅटिकचं काम मी स्वतः करत नाही. त्याची लेव्हल ठरावीक तापमानाला बघायची असते, सीव्हीटीला, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकला, तर तिचंच ऑइल लागतं. 'लाइफटाइम' लिहिलंय म्हणून सोडून देणंही मला पटत नाही, गिअरबॉक्स बनवणाऱ्यांची मुदत वेगळी असू शकते, ती विचारावी. नट उघडून जेवढं निघतं तेवढंच बदलतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या ऑइलभरल्या जोडणीत) राहतं, हे बिल बघताना लक्षात असू द्या.

पॉवर स्टिअरिंग आता बऱ्याच गाड्यांत इलेक्ट्रिक असतं, ऑइलच नसतं. तरी ते बदलायला सांगितलं तर 'डबा दाखवा' म्हणायचं. काच धुण्याच्या पाण्यात भांड्यांचा साबण नको, फेस होतो आणि डाग राहतात.

काढलेलं ऑइल जुन्या डब्यात भरून, झाकण घट्ट लावून, वापरलेलं ऑइल घेणाऱ्या ठिकाणी द्या. गटारात नाही, मातीत नाही. त्यात कूलंट किंवा ब्रेक ऑइल मिसळू नका, मिसळलेलं सहसा कुणी घेत नाही. कूलंट चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्र्या-मांजरांनी थोडंसं चाटलं तरी जिवावर बेततं, तेव्हा सांडलेलं लगेच धुवून टाका. वहीत तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड आणि किती लिटर गेलं ते लिहा. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढण्यापूर्वी खाली एक पुठ्ठा सरकवून ठेवलेला असेल तर तो बघा, आणि डिपस्टिक पुन्हा एकदा.