एकही खिळा न ठोकता: भाड्याची खोली सजवताना

किल्ली हातात देताना आमच्या घरमालकांनी दोनच गोष्टी सांगितल्या. पाणी सकाळी साडेपाच ते सात, आणि भिंतीला खिळा नाही. मी डोंबिवलीत भाड्याने राहते, नर्स आहे, आणि ११ महिन्यांच्या करारांवर आतापर्यंत तीन घरं बदललीत. त्यामुळे सजावटीचा माझा एकच नियम आहे: जे टेम्पोच्या पहिल्या फेरीत चढणार नाही, ते करायचंच नाही. महागडा वॉलपेपर, भिंतीत ठोकलेली फळी, रंगवलेली भिंत, हे सगळं शेवटी मालकाला आहेर देऊन आपण निघतो.

काही आणण्याआधी एक रविवार भिंत बघण्यात घालवा. ओल असेल तर तिथे काही टेकवू नका, लावू नका. शंका असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीचा फूटभर चौकोनी तुकडा कापून चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करा आणि एक दिवस तसाच ठेवा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतूनच येतेय. ते काम मालकाचं, आपल्या चित्रांनी झाकायचं नाही. मी पहिल्या घरात झाकलं होतं. पावसाळा संपताना चित्र काढलं, तर मागे लोणा लागून भिंत पिठासारखी गळत होती.

आता पडदे. यात पैसे सगळ्यात कमी जातात आणि खोली सगळ्यात जास्त बदलते. माझी रात्रपाळी असते, म्हणजे झोप दिवसा, आणि खिडकी पश्चिमेला. दुपारी दोननंतर ऊन थेट उशीवर. बाजारातल्या जाड पडद्यांचे भाव ऐकून मी परत आले आणि आईच्या ट्रंकेतून आजीचं इरकली लुगडं काढलं.

"अगं, आजीचं लुगडं कापणार तू?"

"आई, ट्रंकेत ठेवून कसर खातेय त्याला."

आई दोन दिवस बोलली नाही. मग स्वतःच कात्री घेऊन बसली.

जुनं लुगडं किंवा साडी आधी उजेडात धरून बघा. वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलेलं कापड त्या घडीवरच विरतं. तिथून आरपार उजेड दिसला की तो भाग पडद्यात घ्यायचा नाही. साडी असेल तर फॉल उसवून टाका. हे मी मैत्रिणीच्या साडीवर शिकले: फॉल तसाच ठेवून पडदा शिवला, आणि उन्हात एका कडेला चार-पाच इंच रुंद काळपट पट्टा दिसायला लागला. शिवाय तेवढाच भाग जड होऊन पडदा तिरका लोंबतो. कापण्याआधी एकदा धुऊन वाळवायलाच हवं, आटायचं ते आधीच आटू दे.

हिशोब असा. नऊवारी म्हणजे नऊ वार, साधारण २७ फूट. रुंदी पावणेचार फुटांच्या आसपास. माझी खिडकी चार बाय चार. पडदा खिडकीच्या वर आणि खाली थोडा जायला हवा, शिवाय दुमड आणि नेफा, म्हणून एक तुकडा पाच फुटांचा. असे दोन तुकडे शेजारी लावले की साडेसात फूट रुंदी झाली, चार फुटांच्या खिडकीला जवळजवळ दुप्पट. पडद्याला चुण्या पडायला एवढी रुंदी लागतेच. रुंदीत कंजूषी केली की पडदा वाळत घातलेल्या चादरीसारखा दिसतो. असं कापलं की काठ आपोआप पडद्याच्या दोन्ही कडांना उभे येतात आणि त्या बाजूंना शिलाईही लागत नाही. वर परकराला असतो तसा नेफा, खाली तीन बोटं दुमड. शिलाई मशीन नसेल तर धावदोरा पुरतो. मी कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांना दिलं, दोन्ही पडद्यांचे साठ रुपये.

उरलेल्यापैकी नऊ फूट माळ्याला. एका खोलीत राहणाऱ्यांना कळेल की खरा पसारा माळ्यावर असतो: बॅगा, कूलर, दिवाळीचा कंदील, मिक्सरचा रिकामा खोका. इथे लुगडं आडवं धरायचं आणि लांबीत मधोमध कापायचं. म्हणजे प्रत्येकी पावणेदोन-दोन फूट उंचीच्या दोन पट्ट्या मिळतात आणि काठ खाली आडवा येतो, झालरीसारखा. वर नेफा, त्यात जाड सुतळी, दोन टोकं दोन बाजूंना बांधून घट्ट ताणायची. खोलीत शिरल्याबरोबर पहिली नजर माळ्यावर जायची, ती आता काठावर जाते.

रॉडचं काय? दोन भिंतींमध्ये दाबून बसणारा स्प्रिंगचा रॉड मिळतो, खिळा लागत नाही. पण तो हलक्या सुती कापडापुरताच. मला अंधार हवा होता म्हणून मी लुगड्याच्या मागे त्याच रॉडवर सोलापुरी चादर घातली. दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला, गाढ झोपेत, रॉड, चादर, लुगडं, सगळं अंगावर. जागी झाले तेव्हा मला वाटलं वॉर्डात काहीतरी पडलं. आता चादरीला वरून सहा बंद शिवलेत आणि ती खिडकीच्या आडव्या गजाला बांधते. घर जुनं असल्यामुळे गज आतल्या बाजूला आहेत. लुगडं स्प्रिंगच्या रॉडवर पुढे, चादर मागे. दुपारी खोलीत संध्याकाळ होते.

उजेडाचं काम सोपं आहे. ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडात कितीही सजवलेली खोली ओपीडीसारखी दिसते, आणि ओपीडी मला घरी नको असते. बुरुडाकडून बांबूची रोवळी घ्या, तांदूळ धुवायची असते ती. बुडाची वीण मधोमध थोडी सैल करून त्यातून वायर ओवा आणि आतल्या बाजूने होल्डर लावा, म्हणजे रोवळी उलटी टांगली जाते. प्लग आणि होल्डर जोडलेली तयार वायर विजेच्या दुकानात मिळते, स्वतः जोडायची असेल तर प्लग बोर्डात नसताना जोडा. बल्ब पाच ते सात वॅटचा एलईडी, पिवळसर उजेडाचा. दुकानात 'वॉर्म व्हाइट' म्हणून मागा. जुना तापणारा बल्ब बांबूत चुकूनही नको. आमच्या छताला आधीच्या भाडेकरूंनी बाळाच्या पाळण्यासाठी लावलेली कडी होती, तिलाच मी रोवळी टांगली. कडी नसेल तर कपाटाच्या कोपऱ्यावर बल्बवर पालथी घालून ठेवली तरी चालते. रात्री दिवा लावला की भिंतभर जाळी पडते, आणि पंख्याच्या वाऱ्यावर ती हळूहळू फिरते.

भिंतीवर काहीतरी हवंच असेल तर भिंतीऐवजी प्लायवूड रंगवा. हार्डवेअरवाल्याकडे कापून उरलेले तुकडे कोपऱ्यात पडलेले असतात. दोन बाय तीन फुटांचा तुकडा मला दीडशेला मिळाला. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, घेऊ नका, दमट हवेत तो कडांना फुगतो. तुकडा पॉलिश पेपरने घासून घ्या, कडा विशेष, नाहीतर बोटात कूस जाते. मग फेविकॉलमध्ये पाणी घालून ताकाएवढं पातळ करा आणि त्याचा एक हात मारा. हे वाळलं की गेरू.

गेरू रांगोळीच्या दुकानात किंवा कुंभारवाड्यात मिळतो. पाव किलोला तीन-चार चमचे फेविकॉल, आणि पाणी घालत भज्यांच्या पिठाहून थोडं सैल. पहिला हात आडवा, वाळल्यावर दुसरा उभा. रात्रभर वाळू द्या. सकाळी बोट फिरवून बघा, लाल लागलं तर फेविकॉल कमी पडलं. जास्त झालं तर पृष्ठभाग चकाकतो आणि मातीचा तो मऊपणा जातो. मी दोन्ही चुका केल्यात.

यावर पांढऱ्याने वारली पद्धतीची चित्रं छान उठतात. पारंपरिक पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा असतो आणि ब्रश म्हणजे टोक चघळलेली बांबूची काडी. मी पिठाचाच हट्ट धरला. जुलैत बुरशी आली, आणि त्याआधी झुरळांनी दोन बैल चाटून टाकले होते. आता साधा पांढरा ॲक्रेलिक वापरते. काडी मात्र बांबूचीच: अगरबत्तीचं खालचं उघडं टोक खलबत्त्यात जरा ठेचा, छान कुंचला होतो. माणूस काढताना दोन त्रिकोणांची टोकं कंबरेशी भेटतात, आणि ते दोन्ही त्रिकोण जरा तिरके केले की माणूस चालायला लागतो. रेघ थरथरली तर थरथरू दे, पट्टी लावून काढलेली वारली छापील दिसते.

वारली लोकांच्या लग्नात घराच्या भिंतीवर सवाशिणी देवीचा चौक काढतात, त्याची मी नक्कल करत नाही. तो त्यांच्या विधीचा भाग आहे, माझ्या शू-रॅकच्या वरची शोभा नाही. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्यांनी ही चित्रं लग्नाच्या भिंतीवरून कागदावर आणली आणि रोज काढली. त्यांची मासेमारीची जाळी शांतपणे बघत बसावीत. आपण आपल्याला रोज दिसतं ते काढावं. माझ्या फळीवर सकाळची लोकल आहे, दारात लोंबकळणारे तेवीस त्रिकोणी लोक, आणि एक बाई डबा सांभाळत आत घुसतेय. फळी शू-रॅकवर भिंतीला टेकून उभी आहे. खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे दोन तुकडे ठेवलेत, म्हणजे सरकत नाही.

चिकटवायच्या हुकांबद्दल सांगितलंच पाहिजे. टाइल्स, काच, ऑइलपेंट यांवर ते बसतात. डिस्टेंपरवर आठवडाभर बसल्याचं नाटक करतात आणि मग तळहाताएवढा पापुद्रा घेऊन खाली येतात. मागच्या घरात अशा चार पापुद्र्यांचे माझ्या डिपॉझिटमधून दोन हजार कापले गेले. खिळे स्वस्त पडले असते.

बाटलीत मनी प्लांट लावणार असाल तर आठवड्याला पाणी बदला. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि त्याचे पेशंट ऑगस्टपासून आमच्याकडेच येतात.

लुगड्याचा लाल-पांढरा पदर अजून शिल्लक आहे. उशीचे अभ्रे करावेत असं मी म्हणते. आईने तो घडी घालून परत ट्रंकेत ठेवलाय, या वेळी घडी बदलून.