अणुऊर्जेच्या वादातले दावे कसे पारखावेत

रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूरच्या नियोजित अणुवीज प्रकल्पाचं नाव निघालं की 'आणखी एक चेर्नोबिल होणार' आणि 'यांना विकासच नको' ही दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ही दोन्ही वाक्यं बाजूला ठेवा.

१. आधी प्रश्न सुटे करा. या एका वादात निदान चार प्रश्न आहेत: अणुभट्टी सुरक्षित आहे का, वीज कितीला पडेल, प्रकल्पात जाणारी माडबन गावची जमीन आणि शेजारच्या साखरी नाट्याची मासेमारी यांचं काय, आणि अपघात झाला तर भरपाई कोण देणार. मच्छीमार प्रकल्पवाल्यांना विचारतो, 'भट्टी थंड करून तुम्ही समुद्रात सोडलेल्या कोमट पाण्याने मासळी दूर जाईल का?' उत्तर मिळतं, 'किरणोत्सर्ग केळ्यातही असतो.' असतो, पोटॅशियममुळे. पण विचारलं होतं पाण्याच्या तापमानाबद्दल! खरं विधान भलत्याच प्रश्नाला चिकटवायची ही खोड दोन्हीकडे आहे.

२. मृत्यूंचा आकडा आला की विचारा, कशाने? २०११ च्या जपानमधल्या भूकंप आणि त्सुनामीत १८ हजारांहून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, बहुतेक बुडून. विरोधक कधी कधी हा आकडा त्याच त्सुनामीत अपघात झालेल्या फुकुशिमाच्या अणुभट्टीच्या नावावर टाकतात. समर्थक म्हणतात, किरणोत्सर्गाचा बळी फक्त एक. तेवढाच सरकारने मान्य केला, तोही २०१८ मध्ये. घरदार सोडून जाण्याच्या हालअपेष्टांनी मात्र फुकुशिमा प्रांतात २,००० हून अधिक माणसं दगावली, त्यात म्हातारीच जास्त. हा आकडा कुणालाच सोयीचा नाही. माझ्या मते जैतापूरसाठी तोच महत्त्वाचा, कारण त्यातून पुढचा प्रश्न निघतो: कोकणातल्या अरुंद रस्त्यांवरून गावं किती तासांत हलवता येतील?

३. खर्चाचा अंदाज सांगितला, तर त्याच जातीच्या भट्टीला प्रत्यक्षात काय लागलं ते पाहा. जैतापूरला ठरलेली ईपीआर ही फ्रेंच बनावटीची भट्टी फ्रान्समध्ये फ्लामानव्हिलला २००७ मध्ये बांधायला घेतली. अंदाज ३.३ अब्ज युरोंचा होता, तो १३ अब्जांवर गेला आणि वीज मिळाली डिसेंबर २०२४ मध्ये. समर्थक चीनमधल्या ताइशानच्या ईपीआरचं नाव घेतील, आणि ते रास्त आहे: तिथे पहिली भट्टी २०१८ मध्येच सुरू झाली. मग त्यांना विचारा, जैतापूर या दोन्हींपैकी कुणाच्या वळणावर जाईल, आणि का?

४. जैतापूरचे १०,३८० मेगावॅट ही क्षमता झाली, म्हणजे सगळ्या भट्ट्या पूर्ण चालल्या तर. सौरऊर्जेशी तुलना वर्षाकाठी मिळणाऱ्या युनिटांत मागा, आणि रात्रीच्या विजेचा खर्चही त्यात धरायला सांगा.