गर्भपिशवीच्या ऑपरेशनाआधी सही करताना

स्त्रीरोग विभागात मी २६ वर्षं परिचारिका होते. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी संमतीपत्रावर सह्या घेणं बरीच वर्षं माझ्याकडेच होतं. "कुठे करू सही?" एवढंच बहुतेकजणी विचारायच्या. मी बोट ठेवायचे, त्या सही करायच्या. एकदा ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी एकीनं विचारलं, "सिस्टर, पिशवीबरोबर माझ्या ओव्हरीज पण काढल्या का?" ओव्हरीज म्हणजे अंडाशय, आणि ते काढले होते. फॉर्मवर "आणि आवश्यक त्या इतर प्रक्रिया" अशी छापील ओळ होती आणि खाली तिची सही. त्यानंतर मी सही घ्यायच्या आधी खुर्ची ओढून बायकांशेजारी बसायला लागले. तेव्हा जे सांगायचे तेच इथे लिहिते.

फॉर्म ऑपरेशन ठरतं त्या दिवशीच मागून घ्या आणि घरी नेऊन वाचा. गुंगीचं औषध दिल्यावर किंवा कळा ऐन भरात असताना केलेली सही म्हणजे विचार करून दिलेली संमती नव्हे. बाळंतपणाचं म्हणाल तर सिझेरियन कधी करणार, चिमटा कधी लावणार, टाका कधी घालणार, हे दिवस भरण्याआधीच्या तपासणीत बोलून ठेवा.

मग ऑपरेशनचं नाव वाचा. "दुर्बिणीतून तपासणी" आणि "दुर्बिणीतून ऑपरेशन" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसतं "पिशवी काढणे" लिहिलं असेल तर विचारा: पिशवीचं तोंड काढणार की ठेवणार? बीजनळ्यांचं काय? आणि ओव्हरीज? या शेवटच्या प्रश्नावर अडून बसा. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, मूल होत नाही, पण ओव्हरीज आपलं काम करत राहतात. पाळी चालू असलेल्या वयात दोन्ही ओव्हरीज काढल्या तर रजोनिवृत्ती एकदम येते. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, पुढे हाडं ठिसूळ होतात. कधी त्या काढाव्याच लागतात, पण का, ते तुम्हाला आधी कळलं पाहिजे.

आता ती "इतर प्रक्रिया"वाली ओळ. भारताच्या सर्वोच्च न्यायालयात असंच एक प्रकरण गेलं होतं. एका अविवाहित स्त्रीनं निदानासाठी दुर्बिणीच्या तपासणीला संमती दिली. ती भुलेत असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि तिची पिशवी, नळ्या आणि ओव्हरीज काढल्या. २००८ च्या निकालात न्यायालयानं सांगितलं की तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नाही, आणि सज्ञान स्त्री भुलेत आहे म्हणून आईची संमती चालत नाही. जीव किंवा प्रकृती वाचवायला तातडीनं करावंच लागेल आणि शुद्धीवर येईपर्यंत थांबणं योग्य ठरणार नाही, तेवढाच अपवाद. म्हणून त्या ओळीशेजारी आपल्या हातानं लिहा: "ओव्हरीजना कॅन्सर दिसला किंवा जिवाला धोका असला तरच जास्तीचं काही काढावं. नाहीतर मला शुद्धीवर आल्यावर विचारावं." खाली सही आणि तारीख. तुमच्या आजाराप्रमाणे शब्द काय असावेत ते डॉक्टरांना विचारून ठरवा. चांगले डॉक्टर याला नाही म्हणत नाहीत, हे मी पाहिलेलं आहे.

"धोका आहे का?" असं विचारलं की "तसा काही नाही" असं उत्तर येतं. त्याऐवजी "माझं वय, माझी साखर, आधीचं सिझेरियन बघता मला काय होऊ शकतं?" असं विचारा. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये हाच मुद्दा उचलून धरला. मधुमेह असलेल्या एका गरोदर बाईला बाळाचा खांदा अडकण्याचा ९ ते १० टक्के धोका होता. सांगितलं तर ती सिझेरियन मागेल, म्हणून डॉक्टरांनी तो सांगितला नाही. बाळाला कायमचं अपंगत्व आलं. तिच्या जागी असलेल्या बाईला जे महत्त्वाचं वाटेल ते सांगायलाच हवं, असा निकाल झाला. पर्यायही विचारा. जास्त रक्तस्राव होत असेल तर गोळ्या, हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू, पिशवीतल्या नुसत्या गाठी काढणं, यातलं तुम्हाला काय चालेल आणि काय नाही, कारणासकट.

घरच्यांशी जरूर बोला. पण डॉक्टरांबरोबर पाच मिनिटं एकटीसाठी मागा. सासू समोर असताना बायका लघवी सुटण्याबद्दल, संबंधांच्या वेळच्या दुखण्याबद्दल बोलत नाहीत. मी कितीदा तरी त्यांना मान खाली घालून गप्प बसलेलं पाहिलंय.

शिकाऊ डॉक्टर भुलेत तुमची आतली तपासणी करणार का, तेही विचारून ठेवा. नको असेल तर फॉर्मवर तसं लिहा.

सही केली तरी भूल देईपर्यंत "थांबा" म्हणता येतं. फॉर्मची प्रत स्वतःजवळ ठेवा. घरी सोडताना ऑपरेशनची नोंद आणि काढलेल्या भागाचा पॅथॉलॉजी रिपोर्ट मागून घ्या आणि तिन्ही कागद शेजारी ठेवून ताडून बघा.