प्रोग्रॅमला व्हेक्टरची लांबी कर्नलकडून कशी मागायची

आर्म प्रोसेसरांच्या एसव्हीईमध्ये, म्हणजे एकाच आदेशात अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या सूचनासंचात, व्हेक्टर रजिस्टर (ते आकडे ठेवायची चिपमधली जागा) किती लांब असावं हे पक्कं ठरवलेलंच नाही. १२८ ते २०४८ बिटांमध्ये चिप बनवणाऱ्याची मर्जी. फुगाकू महासंगणकातल्या ए६४एफएक्स चिपमध्ये ते ५१२ बिटांचं आहे, आर्मच्या निओव्हर्स व्ही१ मध्ये २५६ चं. पण हा झाला कमाल आकडा. २५६ वर आपला कोड कसा वागेल, हे ५१२ च्या मशीनवरही बघता येतं. फक्त लांबीची किल्ली कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे असते. लिनक्समध्ये ४.१५ आवृत्तीपासून ती पीआरसीटीएल या सिस्टिम कॉलने (कर्नलला करायच्या विनंतीने) मागता येते.

आधी प्रॉक डिरेक्टरीतल्या सीपीयूइन्फो फाइलमधल्या फीचर्सच्या ओळीत एसव्हीई आहे का ते बघा. नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ, कर्नल सरळ एरर देईल.

असेल तर सध्याची लांबी विचारा: पीआर_एसव्हीई_गेट_व्हीएल. उत्तरातल्या खालच्या १६ बिटांत लांबी असते, वर फ्लॅग, म्हणजे चालू-बंद खुणा. मास्क न लावता, म्हणजे वरचे बिट न गाळता आकडा छापला आणि एखादा फ्लॅग लागलेला असला, की भलतंच काहीतरी दिसतं.

मग नवी लांबी मागा: पीआर_एसव्हीई_सेट_व्हीएल. इथे हमखास पाय घसरतो, कारण लांबी बाइटमध्ये द्यायची असते. २५६ बिट हवेत म्हणून २५६ लिहिलंत, तर तुम्ही २०४८ बिट मागितलेत. ए६४एफएक्सवर कर्नल तक्रार करत नाही. मागणीत बसणारी सगळ्यात मोठी लांबी, म्हणजे ६४ बाइट, देऊन मोकळा होतो. तुम्ही मात्र २५६ बिटांवर चाचणी केली या समजुतीत. लिहायला हवे होते ३२. म्हणून परत आलेला आकडा तपासल्याशिवाय पुढे जाऊच नका.

लांबी बदलली की प्रत्येक झेड रजिस्टरच्या (एसव्हीईच्या व्हेक्टर रजिस्टरचं हेच नाव) खालच्या १२८ बिटांपलीकडचं काहीच भरवशाचं राहत नाही. व्हेक्टरच्या कोणत्या भागांवर काम करायचं हे सांगणारी प्रेडिकेट रजिस्टरं तर पूर्णच गेली. शिवाय कंपायलर लांबी मध्येच बदलणार नाही असं धरून चालतो. त्यामुळे चालत्या कोडमध्ये हा खेळ करू नये. माझ्या मते छोटा लाँचर लिहिणं उत्तम: सेट करताना ऑनएक्झेक फ्लॅग द्यायचा आणि लगेच खरा प्रोग्रॅम एक्झेक करायचा, म्हणजे लाँचरच्या जागी तो सुरू करायचा. लाँचरची स्वतःची लांबी तशीच राहते, नवी लांबी नव्या प्रोग्रॅमला मिळते. त्यानेही पुढे एक्झेक केलेल्या प्रोग्रॅमांना तीच हवी असेल तर इनहेरिट फ्लॅग जोडा, नाहीतर ते डीफॉल्टवर जातात.

ही लांबी थ्रेडपुरती, म्हणजे प्रोग्रॅममधल्या एकेका स्वतंत्र धाग्यापुरती असते. आधीच चालू असलेल्या थ्रेडना काही कळत नाही. बदलानंतर जन्मलेल्यांना जन्मदात्याची मिळते.

सिस्टिमभराचा डीफॉल्ट सहसा ६४ बाइट असतो, चिप त्याहून मोठी असली तरी. हा कंजूषपणा नाही. सिग्नल, म्हणजे प्रोग्रॅमला मध्येच थांबवणारी सूचना आली, की रजिस्टरं स्टॅकवर (प्रोग्रॅमच्या तात्पुरत्या मेमरीत) ठेवावी लागतात. २५६ बाइटची ३२ रजिस्टरं म्हणजे नुसते तेच ८ केबी, आणि जुन्या प्रोग्रॅमांनी सिग्नलसाठी राखलेला स्टॅक तेवढा असेलच असं नाही. रूटला (सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याला) हा डीफॉल्ट प्रॉकमधल्या एबीआय डिरेक्टरीतून बदलता येतो, पण एका प्रोग्रॅमसाठी तिथे हात घालू नये.

कंपाइल करतानाच ५१२ बिट पक्के केले असतील, तर तो प्रोग्रॅम २५६ वर बहुधा मुकाट्याने चुकीची उत्तरं देईल. अशा प्रोग्रॅमने सुरुवातीलाच लांबी विचारावी, आणि जुळली नाही तर तिथेच थांबावं.